हेरॉन येणार होता

हेल्मी किवेलाला गव्हाचा दाणा पाहिल्याशिवाय बोलायची सवय नव्हती. कॅनडातल्या थंडर बेच्या बंदरावर धान्य तपासणीच्या खोलीत तिची सगळी नोकरी झाली. प्रेअरीच्या गहू पिकवणाऱ्या मैदानांतून आगगाड्या यायच्या, प्रत्येक डब्यातला मूठ-दोन मूठ गहू तिच्या टेबलावर पांढऱ्या ताटात ओतला जायचा, आणि दिव्याखाली तो पसरून ती शोधत बसायची. थंडीनं करपलेला दाणा, बुरशीचा दाणा, कोंब फुटलेला दाणा. जे दिसतं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते लिहायचं नाही, एवढाच त्या कामाचा नियम. हेल्मीचा स्वभावही हळूहळू त्याच नियमाचा झाला. कमी बोलायचं, आणि बोललं तर खरं.

मग गहू पश्चिमेकडे जायला लागला. पॅसिफिकच्या बंदरांवरून आशियात पाठवणं सोपं पडायचं. थंडर बेच्या किनाऱ्यावरची उंच कोठारं एकेक करून बंद झाली आणि तपासणीच्या खोलीतली टेबलंही रिकामी झाली. हेल्मीला लवकर निवृत्त केलं. त्यावर तिनं फार विचार केला नाही, कारण तेव्हा घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. म्हातारीचं इंग्रजी शेवटी शेवटी पार गळून पडलं, फक्त फिनिश उरलं. रात्रंदिवस दोघी त्याच भाषेत बोलायच्या. आई गेली आणि घरात ती भाषाही बंद झाली. हेल्मीनं लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं वय केव्हा उलटलं ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

शेजारी आर्वो सालमी होता. बायको वारलेली, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. हेल्मीच्या अंगणात तिच्या बापानं बांधलेलं सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, होतं. शनिवारी आर्वो येऊन लाकडं फोडायचा, चूल पेटवायचा, आधी तो वाफ घ्यायचा, मग हेल्मी. नंतर स्वयंपाकघरात दोघं ओल्या केसांनी कॉफी पीत बसायची. आठवड्यातलं माणसाशी बोलणं म्हणायचं तर तेवढंच.

कॅलगरीच्या भाच्यानं, मार्कोनं, नवा संगणक घेतला तेव्हा जुना, प्रिंटरसकट, खोक्यात भरून तिच्याकडे पाठवून दिला. आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर तो बसला. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, म्हणजे ते चालू असलं की फोन बंद. हेल्मीला त्याची अडचण नव्हती. फोन करणारं होतं कोण?

ती हेलसिंकीची वर्तमानपत्रं वाचायची. पण वाचता वाचता खिडक्यांवर खिडक्या उघडायच्या. एकीत बक्षीस लागलेलं, दुसरीत वजन कमी करायच्या गोळ्या, तिसरी बंद केली की दोन नव्या. बंद करता करता सगळंच गोठून जायचं. त्या काळी सगळ्यांचं असंच चालायचं आणि संगणक म्हटला की हे आलंच, अशी लोकांची समजूत होती. एका पानाच्या तळाशी तिला एक ओळ दिसली: नवा ब्राउझर बनतो आहे, फुकट, कुठल्याही कंपनीचा नाही, वापरून पाहणारी माणसं हवी आहेत. नाव होतं हेरॉन, म्हणजे बगळा.

पहिली चाचणीची आवृत्ती उतरवून घ्यायला तिला अख्खी दुपार लागली. तिनं उघडली, आणि सवयीनं शोधायला बसली. संध्याकाळपर्यंत सापडलं. फिनिश पान छापलं की अक्षरांवरचे दोन ठिपके गळून पडत होते. पडद्यावर दिसायचे, कागदावर नाही. तिनं ते जसं दिसलं तसं लिहून पाठवलं: कुठलं पान, कुठलं अक्षर, आधी काय केलं, मग काय झालं. कॉफी करून परत येते तो उत्तर आलेलं. कुणीतरी लिहिलं होतं, ‘आभारी आहे. इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही. तुम्हाला आणखी एक गोष्ट करून बघता येईल का?’

हेल्मीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ती आणखी एक गोष्ट करून पाहायला बसली.

पाहता पाहता तो तिचा दिवस झाला. सकाळी उठायचं, चूल पेटवायची, कॉफी ओतायची आणि हेरॉनची रात्रभर उतरवून घेतलेली नवी आवृत्ती तपासायची. चुका शोधणाऱ्यांची एक चॅटरूम होती. तिथं दिवसभर लोक ये-जा करायचे, कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा, कुणाचं खरं नाव ठाऊक नाही. हेल्मी पहिले काही आठवडे नुसती वाचायची. बोलायला लावलं ते डेलरॉयनं.

डेलरॉय बेकफर्ड हॅमिल्टनमध्ये शहरबस चालवायचा. त्याची पहाटेची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत मधे मोकळा वेळ असायचा आणि त्या वेळात तो घरी येऊन संगणकासमोर बसायचा. त्याचं लिहिणं म्हणजे मागच्या सीटवरच्या प्रवाशालाही ऐकू जावं असं.

“हेल्मीबाई, आज सकाळपासून काय काय मोडलंत?”

“अजून कॉफी व्हायचीय. झाली की मोडते.”

“सावकाश मोडा. त्या कोड लिहिणाऱ्या पोरांना जरा श्वास घेऊ द्या. काल तुमचं नाव दिसल्यावर एकजण जेवायला पळाला म्हणे.”

“पळून जाईल कुठे. मी लिहून ठेवलंय.”

“तुमच्या हाताखाली गव्हानं कसे दिवस काढले असतील, देव जाणे.”

हेल्मी हसायची. एकटं माणूस हसतं तेव्हा आवाज करत नाही, पण एकदा तिचं हसणं तिच्याच कानावर पडलं आणि तिनं वळून दाराकडे पाहिलं.

दोघांचं बोलणं रोजचंच झालं. बसमध्ये विसरलेल्या वस्तू, जमैकात राहिलेली त्याची बहीण, सरोवरावर बर्फ कधी धरतं, गुडघेदुखीवर काय लावावं. मधेच हेरॉन. तो केव्हा पुरा होणार, हा चॅटरूमवरचा कायमचा विषय. पहिली पक्की आवृत्ती, म्हणजे एक पॉईंट शून्य, जूनमध्ये येणार असं जाहीर झालं. हेरॉनच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर एक बगळा काढलेला होता, एका पायावर उभा, आणि खाली उरलेले दिवस.

जूनमध्ये काही आलं नाही. छपाईत नव्या चुका निघाल्या होत्या, त्यातल्या दोन हेल्मीनंच शोधलेल्या. तारीख सप्टेंबरवर गेली.

शनिवारी आर्वोनं कॉफीत साखरेचा खडा बुडवत विचारलं, “काय गं, आला का तुझा बगळा?”

“सप्टेंबरात येतोय.”

“सप्टेंबरात बगळे दक्षिणेला जातात. हा उलटा कुठला?”

“हा वेगळा आहे.”

“आणि आला की काय होणार?”

“लोकांना मिळेल.”

“तुला तर मिळालाच आहे की. रोज त्याच्याशीच बसलेली असतेस.” आर्वोनं खडा तोंडात टाकला. “मग तू कशाची वाट बघतेस?”

हेल्मीनं त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. तारीख पुढे गेल्यावर चॅटरूमवर सगळे हळहळले होते. तीही हळहळली होती. पण संगणक बंद करून उठताना तिला हलकं वाटलं होतं, परीक्षा पुढे ढकलल्यावर शाळेत वाटायचं तसं. त्याची तिला लाज वाटली, आणि तिनं तो विचार पुढे नेला नाही.

सप्टेंबरही गेला. आता नोव्हेंबर, आणि या वेळी नक्की. हेरॉन बनवणाऱ्या मंडळींनी संकेतस्थळावर एक नकाशा तयार केला. ज्याला आपल्या गावात हेरॉनच्या स्वागताची पार्टी करायची असेल त्यानं आपल्या गावावर टिंब टाकायचं, जागा आणि वेळ लिहायची, आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी खाली नावं घालायची. रोज टिंबं वाढायला लागली. टोकियो, प्राग, साओ पाउलो. टोरांटोवर तर एकावर एक तीन. सुपीरियर सरोवराची वरची बाजू मात्र थंडर बेसकट सगळी कोरी.

“हेल्मीबाई, तुमच्या गावात टिंब नाही,” डेलरॉयनं लिहिलं.

“इथे कोण येणार?”

“मी येतो की.”

“तू कसा येणार? रस्त्यानं दोन दिवस लागतात.”

“सात नंबरची बस घेऊन. प्रवाशांना सांगतो, मंडळी, आज जरा लांबचा फेरा आहे, वाटेत सू सेंट मारीपाशी चहाला थांबू. थेट तुमच्या दारात ब्रेक मारतो.”

“ये. मी पुल्ला करते.”

“ते काय असतं?”

“वेलदोडा घातलेला गोड पाव. वेणी घालून भाजतात.”

“वेलदोडा? मग टाकाच टिंब. मी डिझेल भरायला सांगतो.”

तिनं टिंब टाकलं.

त्या दिवसापासून डेलरॉय रोज त्या बसचं काहीतरी सांगायचा. आज टायर तपासले. आज साहेबाला विचारलं, साहेब म्हणाला खिडक्या पुसून परत आण. एका म्हातारीनं विचारलं, थंडर बेला जाणारी हीच का, मी म्हटलं बसा आजी. हेल्मीही त्याला तसंच उत्तर द्यायची. रस्त्यावर मूस, ती मोठाली सांबरं, आडवी येतात, दिवे लावून चालव. थट्टा आहे हे तिला कळत होतं. गव्हात खडा ओळखणाऱ्या बाईला एवढं कळणारच.

टिंबाखाली नावं पडायला लागली. पहिलं, मग दुसरं, करता करता सात. सगळी गावातलीच. हेल्मीला आश्चर्य वाटलं. या गावात तिच्याखेरीज आणखी सात माणसं हेरॉनची वाट पाहत होती आणि ती बहुतेक रोज तिच्या शेजारून दुकानात जात असतील.

गावातल्या फिनिश लोकांच्या हॉलमधली वरच्या मजल्यावरची छोटी खोली तिनं हेरॉन येणार त्या मंगळवारच्या संध्याकाळसाठी मागून घेतली. हॉलची किल्ली सांभाळणारी लेम्पी नावाची बाई तिला आईच्या वेळेपासून ओळखत होती.

“कशासाठी हवी खोली? वाढदिवस?”

“एक ब्राउझर येतोय.”

“कुठून येतोय?”

“येतोय म्हणजे, संगणकावरचा. त्याची पार्टी आहे.”

लेम्पीनं खुंटीवरून किल्ली काढली. “बरं,” ती म्हणाली. “शेजारच्या खोलीत मंगळवारी पत्त्यांचा अड्डा असतो. त्यांच्या आरडाओरड्याची तक्रार करायची नाही.”

हेल्मीनं हातानं लिहून पार्टीचा एक कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावला. गावात बऱ्याच जणांचं इंटरनेट तिच्यासारखंच फोनच्या तारेवरचं, त्यांना उतरवायला त्रास नको म्हणून तिनं तपासणाऱ्यांना आधीच मिळालेली हेरॉनची पक्की प्रत सीड्यांवर भरून घेतली. प्रत्येक सीडीवर पेननं नाव लिहिलं आणि एक बगळा काढायचा प्रयत्न केला. पहिले दोन-चार कोंबडीसारखे झाले, नंतरचे बरे.

रविवारी तिनं आईची खोली उघडली. बंद खोलीचा वास साठलाय, वारा खेळू दे, असं ती मनाशी म्हणाली. खिडकी उघडली. मग गादी उलटली. मग म्हणाली, गादी उलटलीच आहे तर चादरी बदलू. कपाटातून निळ्या किनारीच्या चादरी काढल्या, त्या फक्त पाहुण्यांसाठी असायच्या आणि कित्येक वर्षं घडी मोडली नव्हती. उशीला अभ्रा घातला. पायथ्याशी जाड लोकरी पांघरूण ठेवलं, कारण हॅमिल्टनच्या माणसाला इथली थंडी बाधेल. एवढं झाल्यावर ती दारात उभी राहिली आणि काय केलं ते तिनं नीट पाहिलं. तिनं अंथरूण मोडलं नाही. खुर्चीवर एक टॉवेल आणून ठेवला आणि दार लोटून घेतलं.

मंगळवार उजाडला तो निरभ्र. खाडीपलीकडचा झोपलेला राक्षस, म्हणजे तो लांबट डोंगर, अगदी स्वच्छ दिसत होता. रस्ते कोरडे होते. हवेला नाव ठेवायला जागा नव्हती.

सकाळी हेरॉन आला. मुखपृष्ठावरचे दिवस संपले आणि बगळ्यानं पंख पसरले. चॅटरूमवर इतकी माणसं घुसली की ओळी वाचायच्या आत वर सरकायच्या. हेल्मीनं लिहिलं, ‘अभिनंदन.’ तेही सरकून गेलं. डेलरॉय दिसला नाही. ती पुल्ला भट्टीत ठेवायला उठली.

संध्याकाळी हॉलच्या खोलीत तिनं टेबल मांडलं. पुल्लाचे काप, लोणी, कॉफीचं मोठं भांडं, सीड्यांची चळत. मार्कोचा संगणक तिनं आर्वोच्या गाडीतून आणून एका कोपऱ्यात लावला होता, दाखवायला. आर्वो चर्चला जायचा कोट घालून आला होता आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसला होता.

“कितीला बोलावलंस?”

“सहाला.”

“सहा वाजले.”

“लोक थोडे उशिरा येतात.”

“फिन माणसं येत नाहीत उशिरा.”

“सगळे फिन नाहीत ते.”

जिन्यावर पावलं वाजली की हेल्मी उठून उभी राहायची. पावलं शेजारच्या खोलीकडे वळायची. तिकडे पत्ते आपटल्याचे आवाज आणि हसणं. आर्वोनं पुल्लाचा एक काप घेतला, मग दुसरा. तिनं कॉफीचं भांडं उघडून पाहिलं, झाकलं. काही वेळानं लेम्पी दारात आली.

“खाली तुझा फोन आहे गं.”

हेल्मी जिना उतरून गेली. फोनवर कुणी पुरुष होता, टिंबाखालच्या सातांतला एक, अवघडल्यासारखा बोलत होता.

“मी यायला निघालोच होतो. पण सकाळपासून उतरवायला लावलंय, सगळं जगच उतरवतंय बहुतेक, फार हळू चाललंय. हा फोन शेजाऱ्याकडून करतोय. मी उठलो आणि मधेच तुटलं तर परत पहिल्यापासून.”

“माझ्याकडे सीडी आहे,” हेल्मी म्हणाली. “भरून ठेवलेली. तुम्ही या, लगेच देते.”

“अं, नको. आता अर्ध्याच्या पुढे गेलंय.”

“बरं.”

“तुमच्याकडे गर्दी असेलच.”

“आहे,” हेल्मी म्हणाली. आयुष्यात ती फार थोड्या वेळा खोटं बोलली होती. हे एक.

जिना चढताना तिला उरलेले सहा दिसायला लागले. आपापल्या घरात, आपापल्या पडद्यासमोर, निळी पट्टी सरकताना बघत बसलेले. आलेले नाहीत ते हेरॉन नको म्हणून नाही, हवा म्हणूनच. त्यांच्यावर रागावावं असं काहीच नव्हतं. राग यायला हवा होता असं मात्र तिला वाटलं, तो आला असता तर बरं झालं असतं.

वर एक बाई आली होती. पन्नाशीची, जाड कोट, हातात वाचनालयाच्या फळ्यावरचा कागद. आर्वो तिला कॉफी ओतून देत होता.

“फळ्यावरून काढला, चालेल ना?” ती म्हणाली. “मी बर्निस पेलेटिए. नदीपलीकडे राहते. इथे लिहिलंय फुकट ब्राउझर. त्यानं त्या खिडक्या थांबतात का?”

“कसल्या?”

“नातवंडांचे फोटो बघायला जाते, तर मधेच नको नको ते उघडतं. परवा धाकटा मांडीवर बसला होता. मी पडद्यावर टॉवेल टाकला.”

“थांबतात,” हेल्मी म्हणाली. “बसा, दाखवते.”

बर्निस बसली. हेल्मीनं तिला हेरॉन दाखवला. कुठे दाबायचं, जुन्यात जपलेल्या पानांच्या खुणा नव्यात कशा आणायच्या, अक्षर मोठं कसं करायचं. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. दोन वर्षं तिनं या गोष्टीबद्दल हजारो ओळी लिहिल्या होत्या, पण तोंडानं, शेजारी बसलेल्या माणसाला, ती पहिल्यांदाच सांगत होती. बर्निस मन लावून ऐकत होती. तिनं पुल्ला खाल्ला, सीडी पर्समध्ये ठेवली आणि आजूबाजूला पाहिलं.

“बाकीचे येऊन गेले का?”

“हो,” आर्वो खुर्चीवरून म्हणाला. “बरेच होते.”

बर्निस गेल्यावर दोघांनी आवराआवर केली. उरलेला पुल्ला हेल्मीनं पत्त्यांच्या खोलीत नेऊन दिला. तिथं त्याचं मोठं स्वागत झालं आणि कुणीतरी विचारलं, “कुणाची पार्टी होती?” ती म्हणाली, “एका ओळखीच्याची.”

गाडीत आर्वोनं बगळ्याचं नाव काढलं नाही. तिच्या दारात संगणक उतरवून देताना एवढंच म्हणाला, “पाव चांगला झाला होता.”

घरी येऊन तिनं संगणक पुन्हा टेबलावर लावला. चॅटरूमवर ठिकठिकाणचे फोटो यायला लागले होते. हॅमिल्टनपासून तासाभरावरच्या टोरांटोचा आला. एका खानावळीत माणसं दाटीवाटीनं उभी, मधे बगळ्याचा केक. उजव्या बाजूला एक रुंद खांद्यांचा माणूस, डोक्याला टक्कल, दोन्ही हात शेजाऱ्यांच्या गळ्यात, तोंड हसण्यानं उघडं. खाली नावं लिहिली होती. डेलरॉय असा दिसत होता तर. तिनं त्याला बारीक अंगाचा कल्पिला होता.

थोड्या वेळानं तो आला. “हेल्मीबाई, कुठे होतात? तुमची पार्टी कशी झाली?”

तिनं लिहिलं, “छान झाली. पाव सगळा संपला.”

“मला नाही ठेवलात? बस पोचेपर्यंत थांबायचं तरी.”

“बस कुठे आहे?”

“सडबरीला पंक्चर झाली.”

“असू दे,” तिनं लिहिलं. “सावकाश ये.”

त्यानंतरच्या आठवड्यांत चॅटरूम हळूहळू रिकामी झाली. कुणी भांडून गेलं नाही. ज्यासाठी सगळे जमले होते ते झालं होतं. पोलंडचा माणूस नोकरीला लागला. ब्राझीलवाल्याला मुलगी झाली. मदतीसाठी एक नवी, देखणी जागा बनली आणि तिथं तरतरीत तरुण मंडळी उत्तरं द्यायला लागली, हेल्मीनं बोटं टेकवायच्या आत. डेलरॉयच्या फेरीची वेळ बदलली. सकाळी तो क्वचितच दिसायचा. दिसला तर घाईत.

हेल्मी कॉफी घेऊन रोज बसायची. चॅटरूमच्या उजव्या कडेला आत असलेल्यांची नावं दिसत. बऱ्याचदा तिथं तिचं एकटीचंच असायचं.

आईच्या खोलीतलं अंथरूण तसंच होतं. मोडायचं तर काहीतरी मनाशी कबूल करावं लागलं असतं.

फेब्रुवारीत एकदा, बाहेर सरोवर गोठलेलं आणि चूल धड पेटत नव्हती अशा सकाळी, डेलरॉय अचानक आला.

“हेल्मीबाई, जिवंत आहात का?”

“आहे.”

“काय मोडताय?”

“काही मोडतच नाही हल्ली. चांगला झालाय.”

“मग तुमचं अवघड झालं की. बरं, बसचं पंक्चर निघालंय बरं का. उन्हाळ्यात निघू म्हणतो.”

हेल्मीनं जे होतं ते लिहिलं. “डेलरॉय, नोव्हेंबरात तू येशील म्हणून मी खोली तयार केली होती. अंथरूण घातलं होतं. थट्टा आहे हे मला माहीत होतं. तरी घातलं.” तिनं ते वाचून पाहिलं. त्यात चूक काही सापडली नाही. तिनं पाठवलं.

चुलीत लाकूड खचलं.

“मला वाटलं आपण दोघं हसतोय,” त्यानं लिहिलं.

“हसतच होतो.”

“माझ्याकडे गाडीसुद्धा नाही हेल्मी. बस चालवतो, घरी गाडी नाही.”

“ठीक आहे.”

“पार्टीला किती लोक आले होते, खरं सांग.”

“एक. आणि आर्वो.”

“माझं चुकलं,” त्यानं लिहिलं.

“तुझं काही चुकलं नाही. तू विचारलंस काय मोडतेय, म्हणून सांगितलं.”

त्या दिवसापासून डेलरॉय नेमानं यायला लागला. दर रविवारी, ठरवून. तब्येत विचारायचा, थंडी विचारायचा, आर्वोचे गुडघे विचारायचा. ‘हेल्मीबाई’ गेलं आणि ‘तू’ आलं. फार जपून बोलायचा, आजारी माणसाशी बोलावं तसा. बसचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. टायर, साहेब, थंडर बेला निघालेली म्हातारी, सगळं गेलं. हेल्मी त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं द्यायची. एका रविवारी तिनंच आपणहून लिहिलं, “इथे रस्त्यावर मूस आलाय, दिवे लावून ये.” त्यावर त्यानं लिहिलं, “हेल्मी, मला खरंच यायला आवडलं असतं.” तिनं त्यावर ‘माहीत आहे’ एवढंच लिहिलं. खरं बोलल्याचा तिला पस्तावा नव्हता. पण तो जुना डेलरॉय आता मिळणार नव्हता, आणि या नव्या, भल्या डेलरॉयला ते सांगण्यात अर्थ नव्हता.

एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचं बर्फ काळं पडून वितळायला लागलं तेव्हा, किराणा दुकानात तिला बर्निस दिसली. ढकलगाडीत दोन नातवंडं, एक बसलेलं, एक लोंबकळणारं. हेल्मी मधल्या काळात तिच्या फोनची वाट पाहत होती. अडलं तर विचारा म्हणून तिनं नंबर दिला होता आणि फोनची तार मोकळी राहावी म्हणून दुपारचं इंटरनेटही बंद ठेवत होती.

“काही अडलं नाही ना?” तिनं विचारलं.

“छे हो,” बर्निस म्हणाली. “एकदाही नाही. बहिणीकडे टाकला, शेजारी टाकला. सगळ्यांचं मस्त चाललंय. तुम्हाला त्रास द्यायची वेळच आली नाही.”

“चांगलं झालं,” हेल्मी म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलं. लोंबकळणाऱ्या नातवानं तिच्याकडे पाहून जीभ काढली. बर्निसनं त्याला दटावलं, हेल्मीचा हात दाबला आणि ती दुधाकडे वळली.

हेल्मी घरी आली. तिनं आईच्या खोलीतल्या चादरी काढल्या, धुतल्या, आणि वारा होता म्हणून बाहेर दोरीवर घातल्या. शनिवार होता. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता, आत आर्वो खोकत होता.

कॉफीच्या वेळी तो म्हणाला, “पाहुणे येऊन गेले वाटतं. चादरी दिसल्या.”

“नाही. नुसत्या धुतल्या.”

आर्वोनं मान हलवली. बशीत कॉफी ओतून फुंकर घातली. “तुझ्या त्या बगळ्याचं काय चाललंय?”

“पुढची आवृत्ती येतेय. चाचणीची आजच आली. अजून उघडली नाही.”

“मग उघड की.”

“तू कॉफी संपव.”

तो गेल्यावर तिनं कप विसळले आणि टेबलाशी जाऊन बसली. चॅटरूममध्ये तिच्याखेरीज एक नाव होतं, अनोळखी. तिनं नवा हेरॉन उघडला, हेलसिंकीचं वर्तमानपत्र लावलं आणि पान छापायला पाठवलं. कागद बाहेर आला. तो दिव्याखाली धरून ती ओळ न् ओळ तपासायला लागली.